'परदेसी'ची भाषा आणि निकितिनची भाषा

१

बिदर ही बहामनी राज्याची राजधानी होती, त्या काळी आजच्या धाराशिव जिल्ह्याचा प्रदेश त्या राज्याच्या पोटात होता. परांड्याचा किल्ला परंपरेने वजीर महमूद गवान ह्याच्या नावाशी जोडला जातो. नळदुर्ग बहामनींच्या हातून पुढे आदिलशाहीत गेला. उमरगा तालुक्याची सीमा ओलांडली की आळंद लागते. तेथे शेख अलाउद्दीन अन्सारी, म्हणजे लाडले मशायख, ह्यांचा दर्गा आहे. ह्या आळंदला पंधराव्या शतकात भरणाऱ्या जत्रेचे वर्णन एका रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. जत्रा दहा दिवस चाले, वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, आणि बिदरहून ती बारा कोसांवर होती, असे तो सांगतो. आळंदला रात्री ओरडत फिरणाऱ्या एका पक्ष्याचीही त्याने नोंद केली आहे. हा पक्षी ज्या घरावर बसेल त्या घरी माणूस दगावतो, ही समजूत त्याने तेथेच ऐकली. घुबडाविषयीची हीच भीती ह्या मुलखातील घराघरांत नंतरही शतकानुशतके टिकून राहिली.

त्वेर नगरीचा अफनासी निकितिन तो हा व्यापारी. त्याच्या प्रवासाचा काळ जुन्या संशोधकांनी १४६६ ते १४७२ असा धरला होता. नंतरच्या संशोधनाने तो दोन-तीन वर्षे पुढे सरकवला. कास्पियन, हिंदी आणि काळा असे तीन समुद्र त्याने ओलांडले, म्हणून त्याच्या वृत्तान्ताला 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' असे नाव पडले. परतीच्या वाटेवर, त्वेरला पोहोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कच्या आसपास तो मरण पावला. त्याच्या वह्या मॉस्कोस महाराजांच्या दप्तरातील वसीली मामिरेव ह्या अधिकाऱ्याकडे आल्या आणि इतिवृत्तांत समाविष्ट झाल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन ह्याला त्या वृत्तान्ताची एक प्रत त्रोइत्से-सेर्गियेव मठाच्या ग्रंथसंग्रहात मिळाली.

ह्या वृत्तान्तावर आधारलेला 'परदेसी' हा चित्रपट १९५७ साली पुरा झाला. नया संसार आणि मॉसफिल्म ह्या दोन संस्थांनी तो मिळून काढला. ख्वाजा अहमद अब्बास आणि वसीली प्रोनिन हे त्याचे दिग्दर्शक होत. भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्या संयुक्त चित्रपटनिर्मितीचा हा पहिला प्रयत्न. प्रस्तुत लेखात ह्या चित्रपटाच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे, तो म्हणजे भाषेचा. ऐतिहासिक चित्रपटातील भाषा ही वेषभूषेसारखी बाहेरून चढविण्याची वस्तू आहे की ती स्वतःच इतिहासातील एक घटना आहे, हा प्रश्न 'परदेसी'च्या निमित्ताने जितका स्पष्टपणे उभा राहतो तितका दुसऱ्या भारतीय चित्रपटाच्या निमित्ताने क्वचितच राहील.

२

चित्रपटाचे मोल ठरविण्यापूर्वी त्याचा काळ ध्यानात घ्यावयास हवा. निकितिनच्या वृत्तान्ताची संशोधित आवृत्ती सोव्हिएत विज्ञान अकादमीने १९४८ साली प्रसिद्ध केली. व्होल्गेच्या काठी त्याचा पुतळा १९५५ साली उभा राहिला. त्याच वर्षी पंडित नेहरू मॉस्कोला गेले आणि बुल्गानिन व ख्रुश्चेव भारतात आले. दोन राष्ट्रांच्या नव्या मैत्रीला एक प्राचीन दाखला हवा होता आणि तो वास्को द गामाच्या आधी सुमारे पाव शतक चौलच्या बंदरात उतरलेल्या ह्या माणसाच्या रूपाने सापडला. तोफा न आणता आलेला, येथे कोठार न उभारता परत गेलेला, सामान्य माणसांविषयी आस्थेने लिहिणारा युरोपीय प्रवासी ही प्रतिमा त्या दशकाला अतिशय सोयीची होती. ती खोटी होती असे मात्र म्हणता येणार नाही.

निर्मितीमागची तळमळही प्रामाणिक होती. अब्बास आणि मारिया स्मिर्नोवा ह्यांची पटकथा, अनिल विश्वास आणि बोरिस चायकोव्हस्की ह्यांचे संगीत, म. रा. आचरेकर ह्या मराठी चित्रकाराचे कलादिग्दर्शन, ओलेग स्त्रिझेनोव्हचा निकितिन, नर्गिसची चंपा, बलराज साहनींचा सखाराम, पद्मिनीची लक्ष्मी आणि पृथ्वीराज कपूर ह्यांचा महमूद गवान, एवढा मोठा संभार त्यांनी जमविला. १९५८ च्या कान महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेसाठी निवडला गेला. पृथ्वीराजांच्या गवानाला एक शांत भारदस्तपणा आहे. परदेशातून येऊन दक्षिणेत वजीर झालेला हा गिलानी पंडित पुढे १४८१ साली आपल्याच सुलतानाच्या हुकमाने मारला जाणार आहे, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या भारदस्तपणात करुणेची छटा जाणवते. स्त्रिझेनोव्हचा चेहरा निर्मळ आहे आणि त्याच्या नजरेतील कुतूहल कोठेही कृत्रिम वाटत नाही.

तथापि कथेचा भावनिक भार चंपेच्या प्रेमावर आणि सखारामच्या मैत्रीवर टाकलेला आहे. ही दोन्ही पात्रे पटकथाकारांची निर्मिती होय. वृत्तान्तात त्यांना आधार नाही. एवढ्यावरून चित्रपटाला दोष देणे अन्यायाचे होईल. ऐतिहासिक कथानकात कल्पित पात्र येऊ नये असा नियम केला तर आपल्या बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्या बाद कराव्या लागतील. प्रश्न निराळा आहे. ह्या प्रेमात आणि ह्या मैत्रीत अडथळे येतात ते बाहेरून, म्हणजे रूढी, सत्ता, कपट आणि अंतर ह्यांमुळे. भाषेचा अडथळा मात्र निर्णायक ठरत नाही. हिंदी आवृत्तीत त्वेरचा व्यापारी, कोकणातील मुलगी आणि बिदरचा वजीर एकाच सफाईदार हिंदीत बोलतात. रशियन आवृत्तीत तीच माणसे रशियन बोलतात. मने जुळली की शब्द आपोआप जुळतात, असे चित्रपटाचे गृहीत आहे. निकितिनच्या वह्यांत नेमके ह्याच्या उलट घडते.

३

निकितिनची भाषा ही रशियन साहित्याच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट आहे. वृत्तान्त रशियनमध्ये सुरू होतो. पण प्रवास जसजसा दूर जातो तसतसे त्यात फार्सी, तुर्की आणि अरबी शब्द शिरू लागतात. मग शब्दांची वाक्ये होतात आणि काही ठिकाणी परिच्छेदच्या परिच्छेद ह्या मिश्र भाषेत, परंतु रशियन लिपीत, लिहिलेले आढळतात. आधुनिक स्वनिमविचाराचा एक प्रवर्तक निकोलाय त्रुबेत्स्कोय ह्याने १९२६ साली ह्या वृत्तान्ताकडे वाङ्मयकृती म्हणून पाहिले. प्रवासवर्णन आणि धार्मिक आत्मनिवेदन ह्यांची आलटूनपालटून येणारी रचना त्याने दाखवून दिली. परकीय भाषेतील भाग अडाणीपणाने आलेले नाहीत, त्यांना रचनेत कार्य आहे, ही दृष्टी तेथून रूढ झाली.

ह्या मिश्रणाचे थर वेगळे करून पाहण्यासारखे आहेत. पहिला थर वस्तुनामांचा. घोड्यांना जो शिजवलेला चारा घालतात त्याला निकितिन 'किचिरिस' म्हणतो. ही आपली खिचडी होय. अंतर मोजताना तो जे माप वापरतो तेही येथलेच, कोसाचे. असे शब्द प्रत्येक व्यापारी आपल्या गाठोड्यात बांधून नेतो.

दुसरा थर अधिक बोलका आहे. हिंदूंच्या देवतेला निकितिन 'बुत' म्हणतो आणि देवळाला 'बुतखाना'. हे शब्द फार्सी आहेत. हिंदू माणूस आपल्या देवाला ह्या नावाने हाक मारीत नव्हता हे उघड आहे. म्हणजे हिंदू धर्माविषयीची निकितिनची परिभाषा मुसलमान व्यापाऱ्यांच्या फार्सीतून त्याच्याकडे आली. वानरांना आपला राजा आणि आपले सैन्य असते, ही त्याने ऐकलेली हकीगत तर रामकथेचाच दूरचा पडसाद आहे. पण त्या वानरांना तो जे नाव देतो ते फार्सी 'मैमून'वरून आलेले आहे. ह्याच्या शेजारी एक शब्द मात्र असा आहे की तो थेट यात्रेकरूंच्या तोंडून आलेला दिसतो. श्रीशैलाला तो 'पेर्वोत' म्हणतो. जुन्या मराठीत श्रीशैलाला 'श्रीपर्वत' म्हणत, हे येथे आठवावे. शिवरात्रीच्या यात्रेला तो हिंदूंबरोबर गेला होता, सोंडेची आणि वानरमुखाची देवरूपे त्याने पाहिली होती. 'बुत' हा शब्द त्याला देशाविषयी सांगणाऱ्यांनी दिला आणि 'पर्वत' हा शब्द देशात बरोबर चालणाऱ्यांनी. एका माणसाच्या शब्दसंग्रहातील ह्या दोन शब्दांवरून पंधराव्या शतकातील दख्खनचा सामाजिक नकाशा काढता येईल.

तिसरा थर सर्वांत महत्त्वाचा, कारण तेथे भाषा बदलणे हे मन उघड करण्याचे किंवा झाकण्याचे साधन बनते. दख्खनमध्ये गावची माणसे फार दरिद्री आहेत आणि सरदार फार धनवान व डामडौलाचे आहेत, हे निकितिन रशियनमध्ये उघडपणे लिहितो, आणि ह्या दख्खनी सरदारांना तो 'बोयार' हाच रशियन शब्द वापरतो. पुढे एके ठिकाणी मायदेशाच्या आठवणीने तो व्याकुळ होतो. देव रशियाच्या भूमीचे रक्षण करो, तिच्यासारखा देश जगात नाही, पण तेथले सरदार न्यायाने वागत नाहीत, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. हे उद्गार मात्र रशियनमध्ये नाहीत, तुर्कीमध्ये आहेत, आणि तेथे रशियाच्या सरदारांना त्याने 'बोयार' म्हटलेले नसून 'बेग' ह्या तुर्की शब्दाचे अनेकवचनी रूप योजले आहे.

ही अदलाबदल बारकाईने पाहावी. परक्या देशातील सरदार स्वभाषेतील शब्दाने ओळखीचे झाले आणि स्वदेशातील सरदार परभाषेतील शब्दाने परके झाले. दख्खनमधील विषमता पाहताना घरची विषमता दिसली, पण ती घरच्या भाषेत लिहिण्याचे धैर्य झाले नाही, किंवा लिहिणे शहाणपणाचे वाटले नाही. प्रेम आणि तक्रार एकाच वाक्यात, आणि दोन्ही परक्या भाषेच्या आडोशाने! अन्यायाचे भान ह्या माणसाला कसे आले, ते त्याने कोठे लपविले आणि कशाला भिऊन लपविले, हे सारे येथे एका भाषांतरात साठवलेले आहे. सामान्य जनांविषयी कळवळा असलेला नायक उभा करणे हे 'परदेसी'च्या निर्मात्यांचे उद्दिष्ट होते. त्यांच्या हाती त्याचा ह्याहून अस्सल पुरावा दुसरा नव्हता. पण सर्वत्र एकच भाषा ठेवल्यावर हा पुरावा दाखविण्याची जागाच उरत नाही.

४

घोड्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. निकितिनने मोठ्या खर्चाने एक घोडा समुद्रापारहून जुन्नरपर्यंत आणला. तो मुसलमान नसून रशियन आहे हे कळताच तेथील असदखानाने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही देईन आणि वर हजार सुवर्णनाणी देईन, न बदललास तर घोडाही जाईल आणि दंडही पडेल, अशी अट घालून त्याने चार दिवसांची मुदत दिली. खोरासानच्या एका ख्वाजाने मध्यस्थी केली आणि संकट टळले. ह्या देशात निकितिन ख्वाजा युसुफ खोरासानी ह्या नावाने वावरला. जुन्नरला त्याचा घोडा वाचला, आणि धर्मही वाचला असे त्याने मानले. परंतु त्यानंतरची पाने वाचताना असे दिसते की खरी कसोटी खानाच्या दरबारात झालीच नव्हती.

त्याची धर्मपुस्तके आस्त्राखानजवळच्या लुटीत गेली होती. त्यामुळे ख्रिस्ती सण केव्हा येतात हे त्याला कळेना. ईस्टर कधी झाला असेल ह्याचा तो अदमास करी आणि मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपले उपवास धरी. आळंदची जत्रा शेख अलाउद्दीन ह्यांच्या स्मरणार्थ भरते हे सांगताना तो लगेच ती कोणत्या रशियन सणाच्या सुमारास येते हेही सांगतो. उरुसाची तिथी आणि मातृभूमीतील सण ही दोन पंचांगे तो एकमेकांशी ताडून पाहत होता. जत्रेची तिथी जुळली. ईस्टरची मात्र जुळेना. ज्याचे पंचांग हरवले त्याच्या धर्माचे काय उरते, हा प्रश्न त्याने तत्त्वज्ञाच्या भाषेत मांडला नाही. तो फक्त पुन्हापुन्हा दिवस मोजत राहिला.

आणि मग प्रार्थनेची भाषाही बदलली. रशियन 'बोग' ह्या शब्दाला तो 'अल्ला', 'करीम', 'रहीम', 'खुदा', 'अकबर' हे शब्द जोडू लागतो. स्लाव, अरबी आणि फार्सी शब्द एका दमात उच्चारले जातात आणि अन्यत्र तुर्की 'तांग्री'ही त्यांच्या शेजारी येऊन बसतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'बोग' आणि संस्कृत 'भग' ह्यांचे नाते ठाऊक असते. 'भगवान' ह्या शब्दाच्या मुळाशी तोच धातू आहे. निकितिनला हे नाते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याचा प्रश्न व्युत्पत्तीचा नव्हता. हाक एकच आहे आणि ती पोहोचावी म्हणून जितकी नावे ठाऊक आहेत तितक्या नावांनी ती मारावी, असा तो एकाकी माणसाचा आकांत आहे. वृत्तान्ताचा शेवट तर अरबी प्रार्थनेत आणि ईश्वरनामांच्या मालिकेत होतो. एवढ्यावरून तो मुसलमान झाला असावा असा निष्कर्ष गेल लेनहॉफ ह्या विदुषीने १९७९ साली काढला. इतर अनेकांना तो मान्य नाही. वाद मिटण्यासारखा नाही आणि मिटण्याची आवश्यकताही नाही. खुद्द निकितिनलाच त्याचे उत्तर निश्चित ठाऊक होते असे त्याच्या पानांवरून दिसत नाही. हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या ख्रिस्ती बांधवांना तो कडवटपणे सांगतो की श्रद्धा रशियातच ठेवून निघा.

ह्याच्या दुसऱ्या बाजूला बिदर येथील प्रसंग ठेवावा. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, हे निकितिनने तेथल्या हिंदूंना सांगून टाकले. त्यानंतर त्यांनी आपले खाणेपिणे, व्यवहार, पूजाअर्चा त्याच्यापासून लपविणे सोडून दिले. घरच्या स्त्रियाही त्याच्यासमोर वावरू लागल्या. 'परदेसी'तील सखारामच्या मैत्रीचे ऐतिहासिक बीज कोठे असेलच तर ते ह्या प्रसंगात आहे. पण येथे मैत्री ही आरंभीची देणगी नाही. ती एका कबुलीची परतफेड आहे. ख्वाजा युसुफ हे नाव बाजूला ठेवण्याचा धोका एका परदेशी माणसाने पत्करला, तेव्हा दुसऱ्या बाजूचे दार उघडले. कोणत्या भाषेत ही कबुली दिली गेली असेल? बहुधा मोडक्यातोडक्या बाजारी फार्सी-तुर्कीत, म्हणजे जी दोघांचीही मातृभाषा नव्हती अशा भाषेत. सफाईदार हिंदीत बोलणाऱ्या नायकाला हा धोका पत्करण्याची वेळच येत नाही. त्याला सर्वजण आधीच समजून घेत असतात.

५

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चित्रपट म्हणजे भाषाशास्त्राचा प्रबंध नव्हे. १९५७ साली खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांपुढे तुर्की, फार्सी, रशियन आणि मराठी अशा चार भाषांत बोलणारा चित्रपट ठेवला असता तर तो कोणी पाहिला असता? शिवाय सर्व पात्रांनी प्रेक्षकाच्या भाषेत बोलावे हा रंगभूमीचा जुना संकेत आहे आणि त्याने कोणाची फसवणूक होत नाही.

संकेत मान्य करूनही दोन गोष्टी सांगता येतात. पहिली अशी की खुद्द 'परदेसी'नेच एके ठिकाणी हा संकेत मोडला आहे. मन्ना डे ह्यांनी गायलेल्या निरोपाच्या गीतात हिंदी ध्रुवपदाच्या अंगाला रशियन 'दस्विदानिया' हा शब्द येऊन बसतो. चित्रपटाची कथा विस्मृतीत गेली तरी हे गीत मागे राहिले. प्रेक्षकाला परका शब्द जड झाला नाही. उलट दोन भाषा एका सुरात टेकल्या की काय होते, हे त्याला त्या एका शब्दाने कळले. जे गीतात साधले ते एखाद्या संवादात, एखाद्या प्रार्थनेत साधता आले असते.

दुसरी गोष्ट अशी की भाषेला घटना मानून रशियाचा इतिहास पडद्यावर आणता येतो, ह्याचा दाखला पुढच्याच दशकात मिळाला. आंद्रेय तार्कोव्हस्कीचा 'आंद्रेय रुबल्योव' १९६६ साली पुरा झाला, १९६९ मध्ये कान येथे स्पर्धेबाहेर दाखविला गेला आणि सोव्हिएत संघात १९७१ साली प्रदर्शित झाला. मूर्तिचित्रकार रुबल्योव सुमारे १४३० मध्ये निवर्तला. निकितिन त्याच्या पुढच्या पिढीचा. रुबल्योवचे 'त्रयी' हे विख्यात चित्र ज्या मठासाठी काढले गेले त्याच मठाच्या ग्रंथसंग्रहात करमझिनला निकितिनचा वृत्तान्त सापडला. चित्रकार आणि प्रवासी हे असे एका छपराखाली येतात.

तार्कोव्हस्कीच्या चित्रपटात १४०८ सालच्या व्लादिमीरवरील हल्ल्यात रुबल्योवच्या हातून एक माणूस मारला जातो आणि तो मौन धरतो. चित्रकलाही सोडतो. पुढे १४२३ च्या भागात बोरिस्का नावाचा पोरगा प्रचंड घंटा ओततो. ओतण्याचे गुपित बापाकडून मिळाले आहे असा त्याने आव आणलेला असतो. घंटा वाजते, लोक आनंदतात आणि पोरगा चिखलात कोसळून रडू लागतो, कारण बापाने त्याला काहीही सांगितलेले नसते. त्या क्षणी रुबल्योव पंधरा वर्षांचे मौन सोडतो. तेथे इटलीचे दूत शेजारी उभे राहून आपल्या भाषेत गप्पा मारीत असतात आणि घंटेभोवतीच्या रशियन माणसांचे प्राण कंठाशी आलेले असतात. तार्कोव्हस्कीने तेथे संकेत वापरला नाही. परकी भाषा परकीच ठेवली आणि नायकाचे न बोलणे हाच आपल्या कथेचा कणा केला. ऐतिहासिक सत्य तपशिलांच्या अचूकतेत असते त्याहून अधिक ते माणसाला काय बोलता येत होते आणि काय बोलता येत नव्हते ह्यात असते, हे त्याने ओळखले होते.

'आंद्रेय रुबल्योव' हा श्रेष्ठ आणि 'परदेसी' हा कनिष्ठ असा निकाल देण्यासाठी ही तुलना नाही. एक चित्रपट आपल्याच इतिहासाची झडती घेतो. दुसरा दोन देशांना एकमेकांची ओळख करून देऊ पाहतो. ओळख करून देणाऱ्याला थोडे सौजन्य पाळावेच लागते. पण सौजन्यापायी अडचणीचे सारेच वगळले तर ओळख अपुरी राहते.

६

मराठीच्या अभ्यासकाने ह्या प्रश्नाकडे केवळ परक्या चित्रपटाचा प्रश्न म्हणून पाहू नये. मराठी ऐतिहासिक नाटकांनी आणि चित्रपटांनी एकभाषिकतेचा संकेत पाळला नाही. त्यांनी खानाच्या आणि सरदाराच्या तोंडी हिंदुस्थानी मिसळलेली मराठी घातली. परंतु तेथे भाषा बहुधा वेषाचे काम करते. दाढी आणि तलवार ह्यांच्या जोडीला ती परकेपणाची आणखी एक खूण. 'परदेसी' भाषाभेद पुसून टाकतो, तर आपले ऐतिहासिक नाटक भाषाभेदाला शिक्का बनवते. दोन्हींत बोलणाऱ्याचे मन भाषेमुळे बदलत नाही. ह्याहून निराळी वाट मराठीला अपरिचित होती असे नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला तेव्हा दोन भाषा बोलणारी दोन माणसे एकमेकांशी भांडतात, एकमेकांना खिजवतात आणि अखेरीस समजुतीने एकमेकांना आलिंगन देतात. भांडणावाचूनची समजूत एकनाथांना खरी वाटली नसती.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला निकितिनची पाने परकी वाटू नयेत, ह्याचे कारण भूगोलापुरते नाही. उमरग्याच्या बाजूला मराठी, कन्नड आणि दखनी ह्या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. निजामाच्या राजवटीत ह्या मुलखाचा कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत होते, आणि घरात अभंग व ओव्या मराठीत होत्या. १९४८ साली ती राजवट संपली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला आणि २०२३ साली त्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. सरकारी कागदाची भाषा एक आणि मनातले बोलण्याची भाषा दुसरी, हा अनुभव येथील कित्येक घरांनी पिढ्यान्पिढ्या घेतला आहे. ज्या आजोबांनी शाळेत उर्दू गिरवली, वहीत हिशेब मोडीत लिहिला आणि पंढरीची वारी मराठीत केली, त्यांना विचारले असते तर निकितिनने सरदारांविषयीची तक्रार तुर्कीत का लिहिली हे त्यांनी कोणत्याही ग्रंथाच्या आधारावाचून सांगितले असते.

म्हणून 'परदेसी'चा मुख्य उणेपणा त्याच्या कल्पित प्रेमकथेत नाही आणि त्याच्या काळाला अनुसरून आलेल्या आदर्शवादातही नाही. एका माणसाला परक्या देशात समजून घेतले जाण्यासाठी जे मोल द्यावे लागले ते त्याने वगळले, हा तो उणेपणा होय. घोडा, नाव, पंचांग आणि प्रार्थना ह्या चार गोष्टी निकितिनने पणाला लावल्या. घोडा परत मिळाला. नाव त्याने बिदरच्या हिंदूंपुढे बाजूला ठेवले. पंचांग परत मिळाले नाही. प्रार्थना कोणत्या भाषेत संपली हे त्याच्या शेवटच्या पानावर लिहिलेले आहे. मैत्रीचा संदेश ह्या हिशेबाने दुबळा झाला नसता. उलट तो अधिक विश्वसनीय झाला असता, कारण फुकट मिळालेल्या मैत्रीवर शहाणा प्रेक्षक फार काळ विश्वास ठेवीत नाही.

निकितिनची मूळ रशियन संहिता आणि तिच्यातील तुर्की, फार्सी व अरबी भाग ह्यांचा दखनी आणि जुन्या मराठीच्या बाजूने होण्यासारखा अभ्यास मोठा आहे. 'किचिरिस' आणि 'पेर्वोत' हे त्यातील सहज हाती लागणारे शब्द होत. चौल, जुन्नर, बिदर आणि आळंद ह्या चार ठिकाणांच्या बोलींशी परिचय असलेला संशोधक मॉस्कोत किंवा त्वेरमध्ये सहजी मिळणार नाही. तो ह्याच मुलखात मिळण्याचा संभव अधिक आहे. त्याने ते काम हाती घेतले, तर चित्रपटाने जे सोडून दिले ते विद्येच्या मार्गाने परत मिळवता येईल.